‘पीडीएफ म्हणजे गॅझेट नव्हे’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : केंद्र सरकारने २०१५ पासून राजपत्र, म्हणजे कायदे-नियम अधिकृतपणे प्रसिद्ध करणारं सरकारी गॅझेट, छापणंच बंद केलं. आता वेबसाइटवर जी पीडीएफ टाकतात तिला कायद्याचा आधार नाही. सही-शिक्क्याची छापील प्रत निघाल्याशिवाय कुठलाही नियम तुम्हाला लागू होत नाही. नियम रात्री गुपचूप टाकतात, त्यामुळेही ते लागू होत नाहीत. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं सांगितलं की दंड सुटतो. आणि तसंही राजपत्र हा निव्वळ सोपस्कार आहे. संसदेत कायदा मंजूर झाला किंवा मंत्र्यांनी घोषणा केली की नियम तिथेच होतो.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या जोरावर पुढची सगळी खोटी वाक्यं खपून जातात. शिवाय मेसेज स्वतःशीच भांडतो. छापील राजपत्राशिवाय नियमच नाही, असं आधी सांगतो आणि शेवटी राजपत्राला सोपस्कार ठरवतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. इथे तर दोन्ही चूक आहेत.

छपाईपासून सुरुवात करू. राजपत्र प्रसिद्ध करण्याचं काम केंद्राच्या प्रकाशन विभागाकडे आहे. तेव्हाच्या शहरी विकास मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी आदेश काढला आणि १ ऑक्टोबरपासून राजपत्र कागदाऐवजी संकेतस्थळावर येऊ लागलं. हे कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून घडलेलं नाही. त्याची तरतूद संसदेने १५ वर्षं आधीच करून ठेवली होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम ८ काढून वाचा. एखादा नियम, आदेश किंवा अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करणं जिथे बंधनकारक आहे, तिथे ती छापील किंवा इलेक्ट्रॉनिक राजपत्रात आली की अट पुरी होते. दोन्हींत आली, तर जिथे आधी आली तीच प्रसिद्धीची तारीख. भारतीय साक्ष्य अधिनियमही इलेक्ट्रॉनिक राजपत्र अस्सल आहे असं गृहीत धरूनच पुढे जातो. म्हणजे ती पीडीएफ हेच राजपत्र आहे. मागे कुठली तरी खरी छापील प्रत दडवून ठेवलेली आहे, ही कल्पनाच चुकीची.

शिक्का नाही म्हणून ज्यांना शंका येते, त्यांनी अशा पीडीएफचं पहिलं पान नीट पाहावं. वर ‘भारत का राजपत्र’, खाली ‘असाधारण’ किंवा साप्ताहिक. मग भाग, खंड, उपखंड. केंद्राचे सर्वसाधारण नियम भाग २, खंड ३, उपखंड १ मध्ये येतात आणि त्यांच्या क्रमांकाआधी ‘सा.का.नि.’ असतं. वैधानिक आदेश उपखंड २ मध्ये, ‘का.आ.’ या अक्षरांनी. संसदेचे कायदे भाग २, खंड १ मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगासारख्या वैधानिक संस्थांचे विनियम भाग ३, खंड ४ मध्ये. नाव बदलल्याच्या खासगी जाहिराती भाग ४ मध्ये. ‘प्राधिकार से प्रकाशित’ ही ओळ असते, इंग्रजी तारखेशेजारी शकाची तारीख असते, आणि वर सीजी-डीएल-ई अशा अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. त्यातली ‘ई’ असाधारण अंकाची. साप्ताहिक अंकाला ‘डब्ल्यू’. त्या क्रमांकातच अंक संकेतस्थळावर चढल्याची तारीख गुंफलेली असते. गोल निळ्या शिक्क्यापेक्षा ही खूण कितीतरी भक्कम आहे, कारण ती कुणालाही मूळ जागी जाऊन पडताळता येते.

आता ‘रात्री गुपचूप टाकतात, त्यामुळे लागू होत नाही’ हा भाग. इथे मला जरा थांबायचंय, कारण या तक्रारीमागचा राग समजण्यासारखा आहे आणि त्यावर न्यायालयाने फार मोलाचं उत्तर दिलेलं आहे.

पुलवामाचा हल्ला १४ फेब्रुवारी २०१९ चा. दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, केंद्राने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावरचं सीमाशुल्क २०० टक्के केलं. त्याच दिवशी अटारीच्या सीमाशुल्क ठाण्यावर व्यापाऱ्यांचा माल आलेला होता, आणि त्यांनी आयातीची कागदपत्रंही अधिसूचना येण्याआधीच दाखल केली होती. सीमाशुल्क विभागाने त्यांच्याकडेही २०० टक्के मागितले. सरकारचा युक्तिवाद होता की अधिसूचना १६ तारखेची आहे, म्हणून ती १६ तारखेच्या पूर्ण दिवसाला लागू. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने घड्याळ पाहिलं. इलेक्ट्रॉनिक राजपत्रात ती अधिसूचना चढली होती रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याआधी ज्यांनी कागदपत्रं दिली त्यांच्याकडून वाढीव शुल्क घेता येणार नाही, असा निकाल २३ सप्टेंबर २०२० रोजी लागला.

रात्री प्रसिद्ध झालं म्हणून नियम बाद होत नाही. पण प्रसिद्धीच्या क्षणाआधी तो कुणाला चिकटवताही येत नाही. छापील राजपत्राच्या जमान्यात अंकावर फक्त तारीख असायची. अंक नेमका कधी छापून बाहेर पडला यावरून वर्षानुवर्षं खटले चालायचे. ज्या पीडीएफला हा मेसेज बेकायदा म्हणतो, तिच्या वेळेच्या नोंदीने त्या व्यापाऱ्यांचे पैसे वाचवले.

प्रसिद्धी सरकारलाही बांधते, हे तत्त्व आजचं नाही. जयपूर संस्थानाने १९२३ मध्ये अफूबद्दलचा कायदा मंत्रिमंडळाच्या ठरावाने केला आणि तो कधी प्रसिद्धच केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला. ५० रुपयांचं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १९५१ मध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द केली. बंद खोलीत केलेल्या आणि लोकांना कळवलाच नाही अशा कायद्याने कुणाला शिक्षा करता येत नाही, हा त्याचा गाभा. राजपत्राला सोपस्कार म्हणणाऱ्याने हा निकाल एकदा तरी वाचायला हवा. प्रजासत्ताक होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि न्यायालयाने केवढी मोठी गोष्ट सांगून ठेवली!

मात्र याच नाण्याची दुसरी बाजू मेसेजने पार उलटी केली आहे. ‘माहीत नव्हतं म्हटलं की सुटका’ हे साफ खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर १९६२ मध्ये देशातून पुढे जाणाऱ्या सोन्याबद्दलचे नियम कडक केले आणि ती अधिसूचना २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात आली. चारच दिवसांनी, झुरिकहून मनिलाला निघालेल्या एका परदेशी प्रवाशाचं विमान मुंबईत उतरलं. त्याच्या जाकिटात ३४ किलो सोनं होतं. तो परदेशात होता, भारताचं राजपत्र त्याच्या हाती येणं शक्यच नव्हतं, असा बचाव झाला. उच्च न्यायालयाने तो मानलाही. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मानला नाही : नियम इथे रीतसर प्रसिद्ध झाला, तेवढं पुरे. हा निकाल कठोर वाटतो, एका न्यायमूर्तींचं मतही वेगळं होतं. पण कायदा आजही असाच आहे, आणि अडचणीत आलेल्या माणसाला त्याच्या उलट सांगणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं.

राहिला शेवटचा दावा, घोषणा म्हणजेच नियम. तो सगळ्यात जास्त पसरतो आणि सगळ्यात जास्त घबराट तोच उडवतो.

जानेवारी २०२४ ची पेट्रोल पंपांवरची रांग आठवा. अपघातात माणूस दगावला आणि चालक न कळवता पळून गेला, तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, अशी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये होती. संसदेची मंजुरी झाली होती, २५ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली होती. ट्रकचालकांनी संप केला. उद्यापासूनच तुरुंग, असे मेसेज धडाधड फिरत होते. पण संहितेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की ती केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवेल त्या तारखेला लागू होईल आणि निरनिराळ्या तरतुदींसाठी निरनिराळ्या तारखा ठरवता येतील. ती अधिसूचना आली फेब्रुवारीत. तारीख ठरली १ जुलै २०२४, आणि १०६ (२) त्यातून वगळलेलं. संसदेने मंजूर केलेलं, राष्ट्रपतींनी संमती दिलेलं उपकलम, आणि तरी लागू नाही. तो फरक राजपत्राच्या एका पानाने केला.

अशी उदाहरणं कमी नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला, लागू होऊ लागला २० जुलै २०२० पासून. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ चा, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. कायद्यात सुरुवातीची तारीखच दिली नसेल, तर सर्वसाधारण परिभाषा अधिनियम, १८९७ प्रमाणे संमतीच्या दिवसापासून तो लागू होतो. तेव्हा कायद्याचं पहिलं कलम वाचल्याशिवाय ‘लागू झाला’ म्हणू नये.

नोटाबंदीचंही तेच. सगळ्यांना आठवतं ते ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीचं पंतप्रधानांचं भाषण. पण नोटांचं चलनमूल्य भाषणाने जात नाही. रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम २६ (२) ला भारताच्या राजपत्रातली अधिसूचना लागते, आणि ती त्याच दिवशी का.आ. ३४०७ म्हणून असाधारण अंकात निघाली होती. पुढे खटला चालला तो त्या अधिसूचनेवर.

मसुद्यालाच नियम समजण्याची चूकही याच जातीची. पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याची तपासणी, तिच्या नियमांच्या २०२० च्या मसुद्यावरून केवढा गदारोळ झाला. त्यावर तारीख होती २३ मार्च, राजपत्रात तो आला ११ एप्रिलला, तोही टाळेबंदीत. लोकांनी हरकती घेतल्या ते योग्यच केलं, कारण मसुदा त्यासाठीच प्रसिद्ध करतात. पण तेव्हा लागू होती आणि राहिली ती २००६ चीच अधिसूचना.

याच प्रकरणात राजपत्राची खरी उणीवही दिसली, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. केंद्राचं राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघतं. ज्या मच्छीमाराच्या, शेतकऱ्याच्या दारात प्रकल्प येणार, त्याने मराठीत किंवा तमिळमध्ये काय वाचायचं? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत मसुदा उपलब्ध करायला सांगितलं. केंद्र त्याविरुद्ध न्यायालयात लढलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. नियम प्रसिद्ध झाला म्हणजे सगळ्यांना कळला, असं कायदा गृहीत धरणार असेल, तर तो सगळ्यांना वाचता येईल हे पाहणं सरकारचंच काम आहे. गट भरभरून मेसेज पुढे पाठवायचेच असतील, तर ही मागणी पाठवा.

आणि ‘नवा नियम आला’ असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी क्रमांक विचारा. सा.का.नि. किंवा का.आ. नंतरचा आकडा, मंत्रालयाचं नाव, तारीख. राज्याचा विषय असेल, तर महाराष्ट्र शासनाचं राजपत्र वेगळं आणि शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, आणखी वेगळा, हेही लक्षात असू द्या. क्रमांक मिळाला की केंद्राच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर तो अंक फुकट उघडता येतो. उघडल्यावर थेट ‘ते लागू होतील’ ही ओळ शोधा : प्रसिद्धीच्या तारखेपासून, पुढच्या एखाद्या तारखेपासून, की मसुदा म्हणून हरकती मागवल्या आहेत. वरच्या मेसेजमध्ये असा एकही क्रमांक नाही.