लोहाराला पुढे करू नका

सोलापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर शस्त्रं विकणाऱ्या कंपन्यांची बाजू घेणारा एक मेसेज फिरतोय: 'सुरी करणाऱ्या लोहारावर खुनाचा गुन्हा लागत नाही. आंतरराष्ट्रीय कायदा देशांना असतो, कंपन्यांना नाही. सरकारी परवाना आहे, मग विषय संपला. आणि आपण नाही विकलं तर दुसरा विकेलच.'

आधी लोहार. गिऱ्हाईक सुरीचं काय करणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो सुटतो. ठाऊक असेल तर? ब्रुनो टेश या जर्मन व्यावसायिकाची कंपनी झायक्लॉन बी हा किडे-उवा मारायचा विषारी वायू पुरवायची. धंदा कायदेशीरच. पण नाझींच्या छळछावण्यांत त्या वायूनं माणसं मारली जाताहेत हे माहीत असून टेशनं माल दिला, असं हॅम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयानं ठरवलं आणि 1946 मध्ये टेश आणि त्याचा सहकारी कार्ल वाइनबाखर फासावर गेले. फ्रान्स व्हॅन अनराट या डच व्यापाऱ्यानं सद्दामच्या इराकला मस्टर्ड गॅस या रासायनिक शस्त्राचा कच्चा माल विकला. युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल 2005 मध्ये त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती वाढली. इराकला रसायनं विकणारे दुसरेही होते. म्हणून हा काही सुटला नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात कंपनीवर खटला चालत नाही, एवढं मात्र खरं. संचालकावर चालू शकतो.

आता परवाना. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं 2011 मध्ये मान्य केलेली उद्योगविषयक तत्त्वं सांगतात की सरकार आपलं काम करो न करो, कंपनीची जबाबदारी वेगळी उरतेच. ती बंधनकारक नाहीत, म्हणून मी त्यांना कायदा म्हणणार नाही. पण आपल्या टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांना विचारा. परदेशी बायरचा माणूस ऑडिटला येतो: बालकामगार आहेत का, रंगाचं पाणी कुठे सोडता, ओव्हरटाइमचे पैसे देता का. तिथं फॅक्टरी लायसन्स दाखवून भागत नाही. शस्त्रवाल्यांचं भागतं! युरोपीय संघानं 2024 मध्ये कंपन्यांच्या पुरवठा साखळीबद्दल निर्देश काढला, त्यातही निर्यात परवाना मिळालेल्या शस्त्रांचं पुढे काय होतं ही चौकशी वगळली. ही पळवाट आहे, निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

काहीजण आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं नाव घेतात. इस्रायलला शस्त्रं पाठवणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने थांबवा, ही याचिका सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळली गेली, बरोबर. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, न्यायालयानं त्यात शिरू नये, हे त्यामागचं मुख्य कारण होतं. कंपन्यांवर कसलीच जबाबदारी नाही, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.