मांडीचं गेलं, पोटाला आलं

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की इंदूरच्या मराठी घरात दोन वस्तू न मागता हजर होतात: गुडघ्याखाली उशी आणि हातात बशी. दोन्ही मायेनं येतात, आणि दोन्हींचं निस्तरता निस्तरता पुढचे सहा-आठ महिने जातात.

आधी उशीबद्दल. दुखापत ठरलेलीच असते. आठवडाभर खुर्चीत बसलेला चाळिशीचा माणूस रविवारी बॅडमिंटन खेळतो, उडी मारून स्मॅश मारतो, एका पायावर उतरतो, गुडघा आत वळतो आणि 'टक्' असा आवाज येतो. हे एसीएल गेल्याचं चिन्ह. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधून ठेवणारं हे लिगामेंट. सर्जन बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (कंडरा) काढून तिथं नवीन बांधतात. आता हा सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, कारण त्या स्थितीत सांध्यात साचलेल्या पाण्याला जास्त जागा मिळते. म्हणून उशी. आणि उशीवर महिनाभर आराम केलेला गुडघा नंतर सरळ व्हायला नकार देतो. शेवटचे पाच अंश गेले तरी माणूस लंगडतो.

खरी जागा टाचेखाली आहे. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि त्याला स्वतःच्या वजनानं खाली येऊ द्यायचं. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बघणाऱ्याला हा छळ वाटतो. भेटायला आलेल्या मावशी दारातूनच म्हणतात, "अगं बाई, पाय असा लोंबकळत ठेवलाय? थांब रे, उशी देते." तुम्ही नको नको म्हणेपर्यंत उशी सरकवलेली असते. पलंगाच्या डोक्याशी 'कृपया उशी लावू नये' अशी पाटी टांगावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरा व्यायाम तर घरच्यांना दिसतच नाही. गुडघ्यात सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूचा पुरवठा जणू बंद करतो. तुम्ही 'आवळ' म्हणता, मांडी हूं की चूं करत नाही. म्हणून गुडघ्याखाली पातळ टॉवेल ठेवून तो गादीत दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. दहा वेळा, आणि जागेपणी दर दोन तासांनी. स्वयंपाकघरातून विचारणा होते, "व्यायाम झाला का रे?" तुम्ही म्हणता, "चालू आहे." त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. गुडघा न वाकवता पाय उचलता येऊ लागला की कुबडी सोडायचा विचार करावा. तोवर जिन्याचा नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एकच कुबडी राहिली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. शंभरातले नव्वद जण दुखऱ्या बाजूला धरतात, आणि उरलेल्या दहांना त्यांची बायको ती बदलायला लावते. (मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, शिवलं असेल तर पाय किती वाकवायचा आणि किती वजन टाकायचं याचं वेळापत्रक वेगळं असतं. ते सर्जनकडूनच घ्यावं, शेजारच्या काकांकडून नको.)

आता मुख्य हत्यार: शिलाई मशीनच्या खणातली पिवळी टेप. वजनकाट्यावर माझा फारसा विश्वास नाही. या काळात स्नायू जातो आणि चरबी येते, काटा मात्र दोहोंतला फरक तेवढा सांगतो. दोन किलो वाढले असं तो म्हणतो तेव्हा आत तीन गेलेले आणि पाच आलेले असू शकतात. शिवाय रात्री शेव-चिवडा झाला की मिठामागं पाणी धरून सकाळी किलोभर वजन वाढलेलं दिसतं. काटा हवाच असेल तर सकाळी, चहाच्या आधी, आणि रोजचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी बघावी. टेप तीन जागी लावायची. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून वर दहा सेंटिमीटर मोजून पेनानं खूण करायची आणि तिथं मांडी, बरोबर वाटीवरून गुडघा, बेंबीवरून पोट. दोन्ही पाय मोजायचे. सुरुवातीला दोन्ही मांड्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सर्रास सापडतो. गंमत म्हणजे पोटाचा आकडा जवळपास तेवढ्यानंच उलट्या दिशेला गेलेला असतो. घरातली वस्तू घरातच राहिली, इतकंच समाधान.

आणि आता बशी. इंदुरात आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं येणं हा गुन्हा आहे. खरं तर पहिले सहा आठवडे वजन घटवायच्या फंदात पडूच नये, कारण शरीर नवं लिगामेंट रुजवत असतं. फक्त वाढू द्यायचं नाही. इथं पोह्यांना मी दोष देणार नाही. आपले इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेनं गरम राहतात, तेल बेताचंच असतं. गुन्हेगार त्यांच्या डोक्यावर बसलेला असतो. शेवेच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे २० ग्रॅमच्या मुठीत ११०. ऐंशी किलोचा माणूस सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालला की पंचावन्न-साठ जळतात. एक मूठ शेव म्हणजे दोन किलोमीटर, आणि शेव कधी एका मुठीवर थांबत नाही. जिलबीचा हिशेब मी मुद्दाम मांडत नाही. सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, तर कुबडी घेऊन जाऊच नये: सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर त्या गर्दीत एरवी उभं राहायला जागा मिळत नाही, पण कुबडी दिसली की "अरे भिया, इधर बैठो" म्हणत स्टूल पुढं येतं. बसलं की गराडू (तळलेला कंद), गराडूनंतर भुट्ट्याचा कीस.

पोह्यांचा खरा दोष वेगळाच. एका बशीत प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. गेलेली मांडी परत आणायची तर किलोमागं दीड-दोन ग्रॅम लागतात. ऐंशी किलोला १३० धरा. आपल्या ताटात ते असे बसतात: दोन अंडी १२, पाव लिटर दूध ८, पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीचं वरण १२, वाटीभर दही ७, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्या २६, चार पोळ्या १४, मूठभर दाणे ८. झाले १०५. उरलेले व्हे प्रोटीनच्या एका मापात येतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) सोया वड्यांना चव नसते हे खरं. म्हणून तर जिरावण हा आपला इंदुरी मसाला आहे.

सहा आठवड्यांनंतर रोज ४०० कॅलरी कमी करायच्या. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम उतरतात. ऐकायला हे फारच कंजूस वाटतं. पण घाईनं उपास करणाऱ्याची मांडी आधी उतरते, पोट नंतर.

सायकल जागच्या जागी चालवणारी घ्यावी. पूर्ण चक्कर मारायला गुडघा १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. तोवर पॅडल अर्ध्यावरून पुढं-मागं झुलवत राहायचं. सीट एवढी उंच की पॅडल तळाला असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग खुर्चीतून उठबस, वीस सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायानं सावकाश उतरणं, एका पायावर टाच उचलणं. उतरताना आरसा समोर हवा, कारण गुडघा अंगठ्याच्याही आत पळतो, आणि मुळात तो तसाच पळाल्यामुळे हे सगळं घडलेलं असतं. जास्त झालं की कमी, हे दुखण्यावरून नीट कळत नाही, टेपवरून कळतं. दुसऱ्या दिवशी वाटीवरचं माप एक सेंटिमीटर वाढलं, तर काल अति झालं. दोन दिवस कमी करायचं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सूज नसेल आणि ताकद पुरेशी आली असेल, तर चार मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं. नेमका याच सुमारास एखादा वडीलधारा सांगतो, "आमच्या इंदूरच्या क्रिकेटवीर सी. के. नायडूंनी साठी उलटल्यावर, १९५६-५७ साली, रणजी सामना खेळला. आणि तू?" गोष्ट खरी आहे. पण नायडूसाहेब बारा महिने खेळत होते, आपण बावन्न रविवार.

नऊ महिन्यांच्या आत कोर्टावर उतरू नये. लवकर परतलेले गुडघे जास्त तुटतात. परीक्षा एका पायाच्या उड्यांची आणि ताकदीची: दुखरा पाय चांगल्याच्या निदान ९० टक्के हवा. यात एक गोम आहे. नऊ महिने बसून चांगला पायही ढिला पडलेला असतो, म्हणजे नापासाच्या ९० टक्के मिळवूनही पास होता येतं. फिजिओथेरपिस्टला दोन्ही पायांचे आकडे विचारावेत.

पास झालात तर पहिला महिना फक्त पुढचं कोर्ट आणि ड्रॉप (शटल जाळीपलीकडे अलगद टाकणं). स्मॅश नाही, उडी नाही. मागचं कोर्ट जोडीदार सांभाळतो. तोही पंचेचाळिशीचा, तोही फक्त रविवारचा, आणि उडी मारून एकाच पायावर उतरतो. टाचेखालचा तो टॉवेल एवढ्यात पोतेऱ्याला देऊ नका.