कुरूचा शोध आणि गायडुशेक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कुरू या मेंदूच्या जीवघेण्या रोगावरच्या लेखात मी त्यावर संशोधन करणारे अमेरिकन डॉक्टर कार्लटन गायडुशेक यांच्या शिक्षेबद्दल दोन परिच्छेद लिहिले, ते तुम्हाला खटकले. 'मेलेल्या माणसावर चिखलफेक कशाला? विज्ञान वेगळं, माणूस वेगळा. हा माणूस नसता तर प्रायॉन (असे रोग पसरवणारी प्रथिनं) कळलेच नसते,' असं तुमचं म्हणणं.

चिखलफेकीचं आधी उरकतो. १९९६ मध्ये त्यांना अटक झाली. १९९७ मध्ये मेरीलँडच्या कोर्टात त्यांनी मुलाच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा स्वतः कबूल केला आणि सुमारे वर्षभर तुरुंगात काढलं. याला कुजबुज कशी म्हणायची?

'विज्ञान वेगळं' हे मात्र मला मुळातच पटत नाही. पापुआ न्यू गिनी आणि मायक्रोनेशियातल्या ज्या मोहिमांतून रोगांचा अभ्यास झाला, त्याच मोहिमांतल्या ओळखीतून पन्नासहून अधिक मुलं, बहुतेक मुलगेच, अमेरिकेत त्यांच्या घरी राहायला आली. आईबापांनी पोरं सोपवली ती गावात येणाऱ्या डॉक्टरवर विश्वास टाकून. मग १९७६ चं नोबेल. त्यानंतर त्या घराकडे संशयाने बघायची कोणाची छाती होणार?

'त्यांनी त्या मुलांना शिकवलं,' हेही तुम्ही लिहिलंय. खरं आहे, आणि त्यांतले काही जण खटल्याच्या वेळीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण परका देश, डोक्यावरचं छप्पर, शाळेची फी, सगळं एकाच माणसाच्या हाती. अशा घरातलं पोर तक्रार घेऊन जाणार कुठे?

राहिलं प्रायॉनचं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये कुरू होता; गायडुशेक त्यांच्या मुलखात पोचले १९५७ मध्ये. व्हिन्सेंट झिगास हे डॉक्टर तिथे आधीपासून होते. कुरू आणि मेंढ्यांना होणारा स्क्रेपी हा मेंदूचा रोग यांतलं साम्य १९५९ मध्ये दाखवलं ते विल्यम हॅडलो या पशुवैद्याने. कुरू टोचून पसरतो का, हे बघण्याच्या प्रयोगाची दिशा तिथून मिळाली. चिंपांझींना रोग्यांच्या मेंदूचा अंश टोचून जवळपास दोन वर्षं वाट बघण्याची चिकाटी गायडुशेक आणि त्यांचे सहकारी जो गिब्ज यांची, ते श्रेय त्यांचंच. 'प्रायॉन' ही कल्पना मांडली स्टॅनले प्रुझिनर यांनी, १९८२ मध्ये. (आणि ज्यांचे मेंदू तपासले गेले, त्या फोरे बायका-मुलांची नावं आपल्याला कुठे ठाऊक आहेत?)

तेव्हा ते दोन परिच्छेद लेखात राहतील. पुढच्या भागात शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास या मानववंशशास्त्रज्ञांबद्दल लिहितोय. मृताचं मांस खाण्याच्या तेव्हाच्या अंत्यविधीतून कुरू पसरला, हा धागा या दोघांनी गावात राहून, बायकांशी बोलून पकडला. त्यावरही जरूर भांडा.