डोण

कुरिअरवाल्यानं चार फुटी खोकं ओट्यावर टेकवलं आणि गल्ली गोळा झाली. आतून निघालं ते पांढरं, फायबरचं, दोन्ही टोकांना निमुळतं, वरून उघडं. समोरच्या मामींनी लगेच निकाल दिला, "डोण आणली व्हय, सर? पण म्हैस कुठं हाय?"

म्हैस नव्हती. तो आयएनएस नीलगिरीच्या छोट्या प्रतिकृतीचा हल होता, म्हणजे जहाजाचं डेकखालचं सगळं अंग. नीलगिरीच का, तर ती 3 जून 1972 ला नौदलात दाखल झाली. देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका, माझगाव डॉकची. मीही 72 चाच. आमची आई त्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाऊन खडी फोडत होती, आणि त्याच वर्षी मुंबईत कुणीतरी एवढं थोरलं जहाज पाण्यावर मिरवत होतं! तेव्हापासून (म्हणजे कळायला लागल्यापासून) त्या जहाजाचा मला रागही आहे आणि लोभही.

"तयार हल घेतला की अर्धं काम झालं," असं विकणारा म्हणाला होता. रेडिमेड झब्ब्याचंही असंच असतं. खांद्यात बसतो, पोटावर नाही. नीलगिरी ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावरची. ब्रिटिश नौदलानं या वर्गातली 26 जहाजं बांधली. पहिली 16 होती 41 फूट रुंद, शेवटची 10 होती 43 फूट. आपली नीलगिरी 43 ची. मला आला 41 चा. 1:96 या प्रमाणात तो फरक होतो पाव इंच.

शहाण्या माणसानं सोडून दिलं असतं. लातुरात टेप लावून कोण बघणार होतं? पण मी गणिताचा मास्तर. एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापतो. आता कापण्याची पाळी हलची.

बंपर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडं कटर मागायला गेलो.

"नवंकोरं हाय की सर. फाडायलाव कशाला?"

"रुंद करायचंय."

"किती?"

मी बोटांच्या चिमटीत अंतर दाखवलं. त्यानं चिमटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि भाडं घेतलं नाही.

कण्यावरून उभा छेद घेतला, दोन फाका प्लायच्या आडव्या पट्ट्यांवर बसवल्या, मधल्या फटीत फायबरची पट्टी. पट्टी मध्ये पाव इंच, टोकांकडं निमुळती होत शून्य. सांगायला एक वाक्य लागलं, करायला अख्खी उन्हाळ्याची सुट्टी. फायबर घासताना उडणारी भुकटी म्हणजे सुशिक्षित खाजकुइली. तोंडाला मास्क, अंगात फुल बाह्यांचा शर्ट, तरी मानेवर, कोपरात, आणि चारचौघांत खाजवता येत नाही अशा ठिकाणी ती पोचलीच. त्यात रेझिन, फायबर चिकटवायचा डिंकासारखा द्रव. मे महिन्यात त्याला घट्ट करणारा हार्डनर नेहमीच्या मापानं घातला. ब्रश शोधून येईस्तोवर कपात रेझिनचा दगड झालेला, कप हातात धरवेना आणि वरून धूर. मामींनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय करपलं?"

मग पाण्याची चाचणी. 2016 ला मिरजेहून आगगाडीनं पाणी मागवून प्यालेलं हे गाव. इथं जहाज तरंगवायचं म्हणजे आधी घरात परवानगी.

"अहो, पाच दिवसांनी नळ आलाय, अन् तुम्ही हौदात ते सोडणार?"

हल ओल्या फडक्यानं तीनदा पुसायच्या अटीवर मान्यता मिळाली. आता वजन. खरं जहाज जवळजवळ तीन हजार टनांचं. भागिले 96 चा घन, म्हणजे 8,84,736. उत्तर साधारण 3.4 किलो. हल आणि प्लायचं वजन वजा जाता अडीच किलो भरायचं होतं. शिसं कुठून आणू? लातुरात अडीच किलोचं काहीही हवं असेल तर ते तूरडाळच असतं. अर्ध्या अर्ध्या किलोच्या पाच पुड्या: दोन डावीकडं, दोन उजवीकडं, एक मध्ये.

आणि नीलगिरी तरंगली! पाण्याची रेघ आखलेल्या खुणेवर, सरळ, ऐटीत. ती रेघ मोजायला मी स्टीलची पट्टी आणायला वर गेलो. ती सापडेना. दहा मिनिटांनी येऊन बघतो तर जहाज उजवीकडं कललेलं. पट्टी लावली, सांधे तपासले, कुठं पाणी शिरतंय का म्हणून आत बोट फिरवलं. कोरडं ठाक. पाव इंच एका बाजूला जास्त गेला की काय, म्हणून कागदावर सगळी आकडेमोड पुन्हा मांडली. तिसऱ्यांदा मांडत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी पुड्या मोजल्या.

चार.