पंगतीत बहिरं माणूस भेटलं तर

लग्नसराई आहे. परभणी, सेलू, जिंतूर, कुठल्या तरी मंगल कार्यालयात तुम्हाला जायचंच आहे. बेचाळीस अंशात दस्तीनं मान पुसत पंगतीची वाट बघताना तुमची गाठ आमच्या आक्काशी पडणार. आक्का ठार बहिरी आहे. (हा 'ठार' शब्द आपण वेड्यांसाठी आणि बहिऱ्यांसाठी राखून ठेवलाय. ठार लंगडा कुणी म्हणत नाही.) अशा वेळी भल्याभल्यांची धांदल उडते. तुमची उडू नये म्हणून आमच्या सोयऱ्याधायऱ्यांनी गेल्या तीस वर्षांत काढलेल्या अनुभवसिद्ध युक्त्या इथं देतो. मी तिचा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून बिनपगारी दुभाष्या आहे.

पहिलं म्हणजे आक्काकडं बघायचंच नाही. जे काय विचारायचं ते मला विचारा. "ती चहा घेती का?" "तिला साखर चालती का?" "तिला कळतं का सगळं?" कप तिच्या हातात असला तरी मलाच विचारा. एकदा एका मामींनी आक्काचा गुडघा थोपटत थोपटत मला विचारलं होतं, "हिला साडी कोण नेसवतं रे?" मामींच्या अंगातला ब्लाऊज आक्कानंच शिवलेला होता. बाहीला पायपिंग लावून. शिलाईचे पैसे अजून यायचेत.

तेवढ्यानं समाधान झालं नाही तर परीक्षा घ्या. पाठीमागं जाऊन टाळी वाजवा, स्टीलचं ताट आपटा. ती वळली नाही तर "बिचारी" म्हणायचं. वळलीच, तर "सोंग करायलीय, बसमधली सवलत पाहिजे" म्हणायचं. फरशीचा हादरा तळपायाला लागतो, समोर बसलेल्याचे डोळे दचकलेले दिसतात, असल्या खुलाशांकडं लक्ष देऊ नका. सरकार उगाच मशीनवर तपासत बसतं. 2016 च्या कायद्यात लिहून ठेवलंय की बोलण्याच्या पट्टीतले आवाज ऐकण्यात दोन्ही कानांची घट 70 डेसिबल असली तर बहिरा, 60 ते 70 असली तर कमी ऐकणारा. ताटाचा उल्लेख कायद्यात कुठंच नाही. राहून गेला असणार.

आता बोलायचं कसं? ओरडून. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावरच्या गड्याला हाक मारतो तसं. आक्काच्या आतल्या कानातल्या, आवाज मेंदूकडं पाठवणाऱ्या केसांसारख्या बारीक पेशी जन्मापासूनच नीट नाहीत आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पण तुमच्या आवाजात काय ताकद आहे ते डॉक्टरला काय माहीत! ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि ओठांवरून जे थोडंफार कळलं असतं तेही जातं, ही बारीकसारीक बाब झाली.

कारण ओठ तर सगळ्याच बहिऱ्यांना वाचता येतात, हे तुम्ही टीव्हीवर बघितलेलंच असणार. जरा घरी आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: मामा, बाबा, पापा. फरक दिसला? मग म्हणा: भात, पाट, माठ. म्हणजे तुम्ही "भात वाढू का?" असं विचारता तेव्हा आक्काला निवडायला तीन वस्तू असतात, त्यातल्या दोन खायच्या नसतात. क आणि ग तर घशातल्या घशात होतात, ओठांना पत्ताच नसतो. वर तुमच्या मिशा. वर गालात धरलेला गुटखा. वर तुम्ही खिडकीकडं पाठ करून उभे, म्हणजे तोंडावर अंधार. एवढं करूनही तिला नाही समजलं तर "मंद आहे जरा" असं माझ्या कानात सांगा. मला ऐकू येतं.

लिहून दाखवायच्या फंदात मात्र पडू नका. पडलात तर तिच्या मराठीच्या चुका काढा. आक्काचा मेसेज येतो, "मी बाजार गेली. मेथी महाग. नाही आणली." शेजारचे गुरुजी हसतात, प्रत्यय कुठाय म्हणतात. तुम्ही आम्ही मराठी कानानं प्यालो. 'ला', 'नं', 'त' कुणी शिकवलं नाही. ज्या लेकराला पहिली पाच-सहा वर्षं कुठलीच भाषा पुरती मिळाली नाही, त्यानं ती पुढं कागदावरून शिकायची, आणि तीही परक्या भाषेसारखी. मेथी आणली नाही, हे मात्र गुरुजींना नीट कळलेलं असतं.

उपाय सांगायला विसरू नका. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकानं एक तरी सांगितलाय. लसणाचं कोमट तेल. माळेगावच्या यात्रेतला जडीबुटीवाला. नवस. तेल कानाच्या पडद्यापाशी अडतं आणि बिघाड पडद्याच्या पार आत असतो, पण तेल घालणाऱ्याचं मन कुणी मोडावं? आईनं आठ वर्षं घातलं. उशीचे अभ्रे तेलकट झाले, एका पावसाळ्यात कान फुटला, आणि ज्यांनी तेल सुचवलं होतं तेच मग म्हणाले की डॉक्टरला दाखवायला उशीर केलात.

ऐकायच्या मशीनचंही विचारा. "चष्म्यासारखं लावलं की झालं, नाही का?" आक्काकडं होतं. शाळेत असताना खिशात ठेवायची डबी, वायर थेट कानापर्यंत. त्यातून मंगल कार्यालयात काय यायचं? हलगी मोठी, भांडी मोठी, मांडवातली लेकरं मोठी, आणि त्या सगळ्याच्या खाली बोलणारा माणूस, तोही मोठा पण फाटलेला. घामानं महिन्यात दोनदा बंद पडायची. काहींना मशीनचा फार उपयोग होतो, काहींना नुसता गोंगाट मिळतो. आणि आतल्या कानात यंत्राची तार बसवायचं ते कॉक्लियरचं ऑपरेशन? ते केलं की लेकरू दुसऱ्या दिवशी उठून हरिपाठ म्हणतं, असं आपल्याकडं पक्कं ठरलंय. खरं तर टाके सुकल्यावर यंत्र चालू करतात, आणि तिथून पुढं दोन-तीन वर्षं आठवड्याला थेरपी लागते. ऑपरेशनला सरकारी योजना आहे. गंगाखेडच्या खेड्यातून दर आठवड्याला संभाजीनगर गाठणाऱ्या आईच्या बुडालेल्या रोजाला नाही. जन्मल्यापासून महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभर नेम आहे. आपला नेम वेगळा: "उशिरा बोलतंय, बापावर गेलंय," म्हणत चौथं वर्ष उजाडू द्यायचं.

दोष कुणाचा, हे पंगत उठायच्या आत ठरलं पाहिजे. आईचा. ग्रहणात सुरी धरली असणार. आमच्या वडिलांनी मामाची मुलगी केलेली आहे, आजोबांनीही तेच केलं होतं, हा विषय चारचौघांत काढू नये. पोरगी घरातच राहिली, जमीन घरातच राहिली आणि जनुकंही घरातच राहिली. नात्यातल्या लग्नानं बहिरेपणाची शक्यता वाढते असं डॉक्टर म्हणाले तेव्हा थोरल्या काकांनी डॉक्टरच बदलला. पुढच्या वर्षी चुलतभावाला मामाची मुलगी केली.

हातवाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं तुम्हाला स्वतःची प्रतिभा दाखवायला वाव आहे. घास तोंडाकडं न्या, म्हणजे जेवण. अंगठा तोंडाकडं न्या, म्हणजे पाणी, किंवा दुसरं काही. झाली भाषा! दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारनं संस्था काढली. तिनं 2018 मध्ये 3000 शब्दांचा कोश केला आणि 2021 पर्यंत तो 10,000 वर नेला. उगाच. तुमचं तर दोन खुणांत भागतंय. या भाषेत भुवया वर केल्या की सरळ वाक्याचा प्रश्न होतो, नकार शेवटी येतो, म्हणजे चेहऱ्यालाही व्याकरण असतं. अमेरिकेतले बहिरे एका हातानं मुळाक्षरं काढतात, आपले दोन हातांनी, आणि पहिल्या भेटीत एकमेकांचं फारसं समजत नाही. तरीही "सगळ्या जगाची एकच खुणांची भाषा असती ना?" हे विचाराच, पुढं "किती छान!" म्हणता येतं.

आक्काच्या निवासी शाळेत हातवारे करायला बंदी होती. बोलायला शिकायचं, हात मांडीखाली. 1880 साली इटलीतल्या मिलानमध्ये शिक्षकांची परिषद भरली आणि बहिऱ्या मुलांना बोलूनच शिकवा असं ठरलं. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 उजाडलं. मराठवाड्यात ही बातमी आणखी उशिरा आली असावी. दिवसभर बाई पोरींचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून "प, प, प" करायच्या आणि रात्री वसतिगृहात थोरल्या पोरी धाकट्यांना गोष्टी सांगायच्या, हातांनी, खिडकीतून येणाऱ्या खांबाच्या दिव्यात. आक्का म्हणते, जे शिकले ते तिथंच शिकले. लाईट गेली की गोष्ट अर्ध्यावर. आजही भारनियमन सुरू झालं की तुमच्या गप्पा रंगतात आणि तिच्या थांबतात. मग आक्का मोबाईलची बॅटरी दातात धरून हात हलवत बसते, आणि कुणीतरी म्हणतंच, "बघ, कशी करायलीय माकडासारखं."

मुकी म्हणायलाही विसरू नका. तिचा गळा धडधाकट आहे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून बोलणं कमी, इतकंच. हसते तेव्हा तर अख्खा मांडव वळून बघतो. तेव्हा मात्र "हळू हस म्हणावं तिला," असं मला सांगायचं. मुकी आणि फार आवाज करते, अशा दोन्ही तक्रारी एकाच दमात करणारी माणसं मी बघितलीत.

तिच्या संसाराची काळजी करा. नवराही बहिरा! मग लेकरं? बहुतेक बहिऱ्या जोडप्यांची लेकरं ऐकणारी असतात, तिचीही दोन्ही ऐकणारी आहेत. "रात्री रडल्यावर कसं कळायचं?" कळायचं. पहिली दोन वर्षं आक्का लेकराच्या पोटावर हात ठेवून झोपली. रडू घशात यायच्या आधी पोटात येतं. ऐकणाऱ्या आमच्या वहिनी तेव्हा पंख्याच्या आवाजात गाढ झोपलेल्या असायच्या. आक्का स्कूटीही चालवते. बहिऱ्यांना लायसन्स द्यायला हरकत नाही असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2011 मध्ये म्हटलंय. तुम्ही मागून हॉर्न वाजवत राहा. ती आरशात बघते, हीच तिची खोड.

आणि कुणी म्हणालं की वीरेंदर सिंग या कर्णबधिर पैलवानाला 2021 ची पद्मश्री मिळाली, किंवा सारा सनी या कर्णबधिर वकील बाईंनी 2023 मध्ये सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला घेऊन सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली, तर "देव एक नेतो, दुसरं देतो" म्हणा. देवानं आक्काला काय दिलं ते विचारू नका. शिलाई मशीन तिनं हप्त्यावर घेतलंय.

जेवणं झाली की वरातीत डीजेच्या भिंतीला छाती लावून नाचा. 85 डेसिबलचा आवाज 8 तास सोसतो, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते असं कानाचे जाणकार सांगतात, म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. तुमची वरात दोन तास चालते. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजेल. वाजू द्या. आमच्याकडं जागा आहे.

एक सांगायचं राहिलं. बहिरे लोक प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवतात. मिशीला पीळ, म्हणजे आमचे वडील. गालावरचा तीळ, म्हणजे मी. सेलूकडचे एक भाऊजी दर लग्नात आक्कासमोर येऊन, वाकून, जबडा फाकवून "जेव-लीस-काऽऽ?" करतात. तिनं माझ्याकडं बघून दोन बोटांची शिंगं डोक्याला लावली आणि मूठ तोंडापाशी आणून फाडकन उघडली. भाऊजींनी विचारलं, "काय म्हणायली?" मी म्हणालो, "तुम्हाला नमस्कार म्हणायली." त्यांना ती खूण फार आवडली. शिकून घेतली. आता ते मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाहून, हातातलं नुक्तीचं ताट सावरत, सगळ्यांच्या देखत डोक्याला शिंगं लावून तोंड उघडून दाखवतात, आणि आक्का हसून मान डोलावते: हो, हो, तुम्हीच.