पानगळ आणि पायगळ

न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं तासभर मागे जातात. जगात फुकट काही मिळत नाही म्हणतात, पण हा एक तास मिळतो. तो झोपून घालवायचा असा माझा साधा, कोणालाही न दुखावणारा बेत होता.

"अहो, उठा. एक तास जास्तीचा मिळालाय, तो लोळून घालवणार का? सेंट्रल पार्कातली पानं रंगलीत. पुढच्या रविवारपर्यंत झाडावर काही उरायचं नाही."

"मग खाली पडल्यावरच बघू की. मान तरी वर करावी लागणार नाही."

यावर उत्तर आलं नाही. आमच्याकडे उत्तर न येणं हाच हुकूम असतो.

पुढचा प्रश्न कपड्यांचा. फोटोत कपडे पानांशी जुळले पाहिजेत, असं बायकोचं मत. माझ्या कपाटात तीन रंग आहेत: राखाडी, गडद राखाडी, आणि मूळचा काळा पण धुवून धुवून राखाडी झालेला. तिने बराच वेळ उचकाउचकी केली आणि कधीतरी बोटीच्या सफरीत भिजू नये म्हणून घेतलेला, गुडघ्यापर्यंत येणारा, टोपीवाला, भडक नारिंगी पाँचो शोधून काढला. "मॅपलसारखे दिसाल," ती म्हणाली. मी आरशात पाहिलं. रस्ता खणला की त्याच्या कडेला जो शंकू उभा करतात, तो मला आरशातून बघत होता.

न्यूयॉर्कची मॅरेथॉनही याच रविवारी असते आणि ती संपते नेमकी सेंट्रल पार्कात, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

बरोबर बारा वाजता आम्ही ९६व्या रस्त्याला भुयारी गाडीतून उतरलो आणि पार्कात शिरायच्या आधीच मी निसर्गात पाय घातला. फुटपाथवर गिंकोचं झाड होतं. गिंकोची पानं सुंदरच, लहान मुलाच्या हातातल्या पंख्यासारखी, पिवळीधमक. पण या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि मादीच्या बिया जर्दाळूसारख्या गरात गुंडाळलेल्या असतात. तो गर चिरडला की जो वास सुटतो त्याला उग्र म्हणणं म्हणजे त्याचं कौतुकच झालं. बाळाने दूध ओकावं, ते कोणी पुसू नये आणि त्यावर दोन दिवस ऊन पडावं, तसा तो वास. माझ्या उजव्या बुटाखाली दोन बिया आल्या. मी बूट गवतावर घासला, दगडावर घासला, पानांच्या ढिगात खुपसला. वास जराही हटला नाही, उलट पानांनाही लागला.

"तुम्ही जरा चार पावलं मागून या," बायको म्हणाली. तो दिवसभर मी चार पावलं मागेच होतो.

रंग बदलण्याचं शास्त्र तिने रात्री वाचून ठेवलं होतं. पानात पिवळा रंग आधीपासूनच असतो, हिरव्याने तो झाकून टाकलेला असतो. दिवस लहान झाला की झाड हिरवा रंग मोडीत काढतं आणि खालचा पिवळा वर दिसतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत शेवटी शेवटी नव्याने तयार होतो. मला यात नवं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यावरचा कलप उतरला की खालचा मूळ रंग असाच उघड्यावर येतो, पण तो बघायला कोणी गाड्या बदलून येत नाही.

जलाशयाच्या कडेने धावायची वाट आहे, अडीच किलोमीटरची. तिथे सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने जायचं असा दंडक आहे. आम्ही तसेच निघालो होतो, पण बायकोला दर पन्नास पावलांवर मागे राहिलेलं एखादं झाड पुढच्यापेक्षा जास्त रंगलेलं दिसे आणि आम्ही वळत असू. समोरून धावत येणारी माणसं आधी वैतागून बघत, मग माझ्या पाँचोकडे बघत, आणि तिथलाच कोणी कामगार समजून बाजूने निघून जात.

मग पानं उधळायचा फोटो. यात कष्ट किती असतात ते उधळणाऱ्यालाच ठाऊक. ओंजळभर पानं घ्यायची, वर फेकायची, वर बघायचं, हसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. पहिल्या खेपेला पानं ओली होती; ती उधळली गेली नाहीत, लगदा होऊन पडली. दुसऱ्या खेपेला हसलो, पण तोंड उघडं राहिलं आणि ओकचं एक पान जिभेवर आलं. कडू लागतं. तिसऱ्या खेपेसाठी वाकलो तर ढिगातून एका कुत्र्याचा चेंडू हाती आला आणि मागोमाग कुत्रा. फोटोत सगळ्यात चांगला तोच आलाय.

बेल्व्हेडेअर किल्ल्यापाशी पोचेतो दोन वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. शहराचं अधिकृत तापमान १९१९ पासून इथेच मोजतात, असं बायकोने सांगितलं. म्हणजे मला वाजत होती ती थंडी सरकारमान्य होती.

किल्ला उतरलं की रॅम्बल लागतं. हे साधारण ३६ एकरांचं रान. ओढा, खडक, दाट झाडी, पुढच्या वळणाला काय आहे याचा पत्ता नाही. बघणाऱ्याला वाटतं, शहर वसवताना हा तुकडा तेवढा चुकून राहिला. पण १८५८ मध्ये ऑल्मस्टेड आणि व्हॉ या रचनाकार जोडीचा पार्कासाठीचा आराखडा स्पर्धेत पहिला आला आणि त्याबरहुकूम हे सगळं बेतून, खणून, लावून घेतलेलं आहे. ओढ्याचं पाणीसुद्धा नळातून सोडलेलं. वाटा मुद्दाम नागमोडी. मी आपला अज्ञानामुळे रस्ता चुकणारा माणूस. भल्याभल्यांनी डोकं लावून चुकवल्यावर माझा काय पाड? टुपेलोचं एक प्रसिद्ध झाड बघायचं होतं, ते आम्हाला दोनदा भेटलं. ते लवकर रंगतं आणि लवकर गळतं, त्यामुळे दोन्ही वेळा ते पूर्ण बोडकं होतं. दुसऱ्यांदा मीच त्याला ओळखलं.

"आपण गोल फिरतोय," मी म्हणालो.

"गोल नाही, वेगळ्या कोनातून बघतोय."

शेवटी दिव्याचा खांब कामी आला. पार्कातल्या खांबांवर चार आकडे लिहिलेले असतात. पहिले दोन म्हणजे जवळचा रस्ता कितवा. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या अंगाला, विषम असेल तर पश्चिमेच्या. आमच्या खांबाची सुरुवात ७६ने होत होती आणि शेवट सम. जायचं होतं पश्चिमेला. तेवढ्यात झाडीपलीकडून टाळ्या, घंटा, आरोळ्या ऐकू आल्या. माणसं आहेत म्हणजे बाहेरची वाट असणार, म्हणून आम्ही आवाजाच्या रोखाने गेलो, तर समोर कठडे आणि कठड्यापलीकडे चाळीस किलोमीटर धावून आलेली माणसांची नदी.

"बघा," बायको म्हणाली. तिच्या त्या एका शब्दात माझं पोट, माझे गुडघे आणि सकाळचं लोळणं, सगळं आलं.

पूर्वेची वाट बंद. पुन्हा उलटं, हिरवळीला उत्तरेकडून वळसा. पावणेपाचपासून अंधार दाटायला लागला. सकाळी मिळालेला तास संध्याकाळी व्याजासकट वसूल होत होता. डाव्या टाचेला फोड आला होता, उजवा गुडघा बोलत होता. पार्काच्या पश्चिमेला बाहेर पडलो तेव्हा मी चालत नव्हतो, एकेक पाय उचलून पुढे ठेवत होतो.

रस्त्यावर सगळेच तसे चालत होते. सगळ्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत येणारे, टोपीवाले, भडक नारिंगी पाँचो होते.

एका बाईंनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. एक पोलीस म्हणाला, "कॉंग्रॅच्युलेशन्स!" मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर बायकोने कोपर मारलं.

गाडीत एका मुलाने लगबगीने उठून जागा दिली.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. खोटं बोलायची गरजच नव्हती. "पाच तास दहा मिनिटं."

"पहिलीच का?"

"पहिली, आणि शेवटची."

"मी पूर्णवेळ चार पावलं पुढे होते," बायको म्हणाली. मुलाने तिच्याकडेही आदराने पाहिलं. मग गाडीच्या उबेत माझा उजवा बूट जागा झाला. त्या मुलाचं नाक जरासं हललं. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, समजूतदारपणे मान डोलावली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.