केसपेपरवरचा पत्ता

गेल्या वर्षी एका मावशींबरोबर मुंबईतल्या एका रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभा होतो. खिडकीवर पत्ता विचारताच मावशींनी गावाचे नाव घेण्याआधी त्यांच्या भाच्याने आपल्या डोंबिवलीच्या खोलीचा पत्ता सांगून टाकला, आणि वयाच्या रकान्यात 'अंदाजे पंचावन्न' लिहिले गेले. कर्करोग नोंदणीची खरी अडचण मला त्या दोन रकान्यांत दिसते.

एखाद्या रुग्णालयात किती रुग्ण आले, यावरून रोगाचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी ठरावीक भागात राहणाऱ्या लोकांपैकी वर्षभरात किती जणांना नव्याने कर्करोग झाला, हे मोजावे लागते. म्हणूनच नोंदणीचे कर्मचारी रुग्णाचे किमान वर्षभराचे वास्तव्य तपासतात आणि बायॉप्सीचे अहवाल, रेडिएशनची रजिस्टरे व मृत्यूचे दाखले ताडून पाहतात, कारण एका कागदावरची शांताबाई दुसऱ्यावर नुसती शांता असते आणि न ताडता दोनदा मोजली जाते. कर्करोगाची नोंद कायद्याने सक्तीची करावी, ही मागणी मला मान्य आहे; मात्र सक्तीने कागद येतील, त्यावरचा पत्ता खरा असेलच असे नाही.

इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित, म्हणजे ठरावीक भागातल्या सगळ्या रहिवाशांमधले रुग्ण मोजणारी, नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागाला मात्र १९८७ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि ती पहिली ग्रामीण नोंदणी आपल्या बार्शीची. खेड्यात पॅथॉलॉजी लॅब कुठली असणार? त्यामुळे तिथले कर्मचारी स्वतः गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. मोजणीसाठी केलेल्या या पायपिटीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यातच उपचाराला येऊ लागल्या. पुढे १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू शोधणाऱ्या, एकदाच केलेल्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू नेमके मोजणारी माणसे गावात नसती, तर हे सिद्ध कशाच्या आधारावर झाले असते? त्यामुळे नव्या नोंदण्यांचा पैसा संगणकांआधी गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या पगारावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या खेपेला मी मावशींचा गावचा पत्ताही लिहून घ्यायला सांगितला. त्यासाठी वेगळा रकाना नव्हता. खिडकीवरच्या मुलीने कार्डाच्या मागे पेन्सिलीने गाव आणि तालुका लिहिला.